वाहून आलेल्या लाकडाच्या बाहुल्या

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते. न्यूलँड्सच्या चढावरचं हे घर घेतलं तेव्हा नवऱ्याच्या मनात होतं की वेलिंग्टनच्या वाऱ्यापावसात निदान गाडी तरी कोरडी राहील. पण मंडळाच्या सभेत मखर ठेवायला कोणाकडे जागा आहे असा विषय निघाला आणि माझ्या तोंडून "आमच्याकडे ठेवा की" निघून गेलं. तेव्हापासून तिथे सहा बांबू, तीन जरीचे लाल पडदे, थर्माकोलच्या दोन कमानी, दिव्यांच्या माळांचं खोकं, लेझीमांची पिशवी आणि महाप्रसादाचं मोठं पातेलं सुखाने नांदतात. गाडी रस्त्यावर.

२०२० साली गणपती २२ ऑगस्टला होते. त्याच्या दहा दिवस आधी ऑकलंडमध्ये पुन्हा रुग्ण सापडले. ऑकलंड लेव्हल थ्रीवर गेलं, आपण बाकीचे लेव्हल टूवर. शंभर माणसांची मर्यादा, त्यात कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हा प्रश्न. शेवटी आरती झूमवर झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती आठवत असेल. प्रत्येकाच्या टाळ्या वेगळ्या वेळी ऐकू येत होत्या. मखर गॅरेजमध्येच राहिलं. ते बाहेर काढलं ते पुढच्या फेब्रुवारीत, आणि काढलं व्हिएतनामी मुलांनी.

त्याचं असं झालं. २०१९च्या फेब्रुवारीत आमच्या मागच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायला आली. व्हिक्टोरिया विद्यापीठात आर्किटेक्चर शिकायला. विद्यापीठाचं मुख्य आवार वर केलबर्नला, केबल कारने जातो तिथे; आर्किटेक्चरची शाळा मात्र खाली गावात, व्हिव्हियन स्ट्रीटवर. रोज न्यूलँड्सहून बसने जायची. गाव व्हिएतनामच्या उत्तरेतल्या, २०२५पर्यंत असलेल्या हाय जुओंग प्रांतात, हनोई आणि हायफाँग बंदराच्या मधे. भातशेती, तळी, लिचीच्या बागा. आल्या दिवशी तिने हातात एक खोकं ठेवलं. आत सोनेरी कागदात बांधलेल्या मुगाच्या बारक्या वड्या, तोंडात टाकल्या की विरघळणाऱ्या. आपल्या बेसनाच्या लाडवाची चुलत बहीण म्हणा. (पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी घालतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी खोक्यावरचं वाचून घ्यावं.)

मला ती "को" म्हणायची. को म्हणजे आत्या, शाळेतल्या बाईंनाही को म्हणतात. व्हिएतनामीत नुसतं "तू" किंवा "तुम्ही" म्हणून भागत नाही. समोरच्याचं वय आणि नातं ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. नवरा "चू" झाला, म्हणजे काका. माझा मुलगा "एम", म्हणजे धाकटं भावंड. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या, शेजारच्या आजोबांनाही नावाने हाक मारणाऱ्या माझ्या मुलाला घरात एकदम ताई मिळाली.

१९ मार्च २०२०ला देशाची सीमा बंद झाली आणि २५ तारखेच्या मध्यरात्री लेव्हल फोर लागली. आमच्या "बबल"मध्ये आम्ही चौघं. जवळजवळ पाच आठवडे तिने आणि मी दोन चुलींचं एक स्वयंपाकघर चालवलं. माझी आमटी तिला आवडायची, तिचं माशाचं सॉस उघडलं की नवरा खिडक्या उघडायचा. तेव्हा मला कळलं की ती व्हिएतनामी विद्यार्थ्यांच्या क्लबच्या समितीवर आहे.

विद्यार्थ्यांच्या क्लबचं आणि आपल्या मंडळाचं गणित वेगळं असतं. आपण इथे घरं घेतलेली माणसं. कोणी अध्यक्षपद सोडलं तरी तो पुढच्या गणपतीला रांगेत प्रसादाला उभा असतोच. मखर कसं बांधायचं ते त्याला विचारता येतं. विद्यार्थी मात्र तीन वर्षांत निघून जातो. पहिल्या वर्षी बघायचं, दुसऱ्या वर्षी करायचं, तिसऱ्या वर्षी खालच्यांना शिकवायचं आणि विमानात बसायचं. एका वर्षी नवी मुलं आली नाहीत, की दोन वर्षांनी काहीही पाहिलेलं माणूस शिल्लक राहत नाही.

आणि नवी मुलं येत नव्हती. ऑक्टोबर २०२०मध्ये सरकारने पीएचडी आणि पदव्युत्तरच्या अडीचशे विद्यार्थ्यांना आत घ्यायचं ठरवलं, जानेवारी २०२१मध्ये आणखी हजार जणांना. तेही सगळ्या देशांतून मिळून, आणि इथला अभ्यास आधीच सुरू झालेल्यांना प्राधान्य. अठरा वर्षांचं नवखं पोर त्यात कुठून बसणार? क्लबमध्ये चाळिसेक मुलं होती ती चौदावर आली. उरलेल्यांची कॅफे-रेस्टॉरंटमधली कामं गेलेली, घरभाडं चालू, आईवडिलांचा धंदाही तिकडे बसलेला. नोव्हेंबरमध्ये माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती त्यांची बैठक झाली. मी भांडी विसळत ऐकत होते. भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. आपल्या समितीच्या बैठकीचाच सूर. या वर्षी "तेत" रद्द करावं, असं बहुतेकांचं म्हणणं होतं.

तेत म्हणजे त्यांचं नवं वर्ष, चांद्र पंचांगाचं. दिवाळी, पाडवा आणि पितृपक्ष एकत्र केले तर जे होईल ते. घर झाडायचं, कर्जं फेडायची, नवे कपडे घालायचे, वाडवडिलांना जेवायला बोलवायचं. तिकडे तेव्हा वसंत असतो. उत्तरेत गुलाबी पीचची डहाळी घरात आणतात, दक्षिणेत पिवळी माई फुलं. इथे जानेवारी-फेब्रुवारीत भर उन्हाळा, विद्यापीठाला सुट्टी. आपली दिवाळी नाही का इथे लांबत जाणाऱ्या संध्याकाळीत येते आणि आकाशकंदील नऊ वाजेपर्यंत लावून उपयोग नसतो, तसंच.

बैठकीत आमची मुलगी काहीतरी बोलली आणि सगळे गप्प झाले. नंतर तिने मला सांगितलं. ती म्हणाली होती, "या वर्षी रद्द केलं तर पुढच्या वर्षी कसं करायचं हे फक्त आपल्या तिघींना माहीत असेल, आणि आपण तिघी वर्षअखेर जाणार."

मग तेत करायचं ठरलं. पण कुठे, कसं आणि कोणाच्या पैशाने?

इथे थोडं मागे जायला हवं, कारण वेलिंग्टनमधले व्हिएतनामी म्हणजे फक्त विद्यार्थी नव्हेत. पहिले आले ते विद्यार्थीच, कोलंबो योजनेखाली. १९५०मध्ये सुरू झालेली ही योजना आपल्यालाही परकी नाही; दिल्लीच्या एम्सच्या उभारणीला न्यूझीलंडने दिलेले दहा लाख पौंड त्याच योजनेतले. दक्षिण व्हिएतनाममधून काही मुलं त्याच योजनेतून इथे शिकायला आली. उलट दिशेने न्यूझीलंडचं एक शस्त्रक्रिया पथक १९६३पासून क्वी न्योनच्या इस्पितळात काम करत होतं, आणि १९६५पासून न्यूझीलंडचे तोफखान्याचे सैनिकही युद्धात उतरले होते. ३० एप्रिल १९७५ला सायगाव पडलं. इथल्या वसतिगृहात अभ्यास करत बसलेल्या मुलांच्या पासपोर्टवरचा देशच उरला नाही. नंतर १९७७ ते १९९३ या काळात व्हिएतनाममधून सुमारे साडेचार हजार निर्वासित इथे आले, बरेचसे ऑकलंडच्या मांगेरे केंद्रातून आयुष्याला सुरुवात करून.

म्हणजे एकाच गावात दोन व्हिएतनाम राहतात. होडीतून निसटून आलेल्यांचा झेंडा पिवळा, त्यावर तीन लाल पट्टे. आजच्या विद्यार्थ्यांचा झेंडा लाल, त्यावर पिवळा तारा. एकाला दुसऱ्याचा झेंडा पाहवत नाही. न्यूटाउनमध्ये राहणाऱ्या एका आजींना विद्यार्थ्यांच्या तेतला बोलावणं गेलं की त्या एकच प्रश्न विचारायच्या, स्टेजवर काय लावणार? आणि उत्तर ऐकून यायच्या नाहीत. त्यांच्या भावाला सागराने घेतलं होतं. अशा माणसाला "जाऊ द्या हो आजी" म्हणणारे आपण कोण?

त्या वर्षी मुलांना पैसा आणि माणसं दोन्ही कमी पडत होती, आणि गरज माणसाला नम्र करते. आमची मुलगी आजींकडे गेली ती मोठं भांडं मागायला.

भांड्याची गोष्ट माझ्यापासून सुरू झाली, तीही सांगायला हवी. तेतचा मुख्य पदार्थ म्हणजे "बान चुंग". चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि मिरी लावलेलं डुकराचं मांस पानात चौकोनी बांधून दहा-बारा तास उकळायचं. त्यांच्याकडे दंतकथा आहे की राजाच्या गरीब मुलाने, लांग लिएउने, बापाला महागड्या मेजवानीऐवजी पृथ्वीसारखा चौकोनी आणि आकाशासारखा गोल, असे तांदळाचे दोन पदार्थ दिले आणि राज्य मिळवलं. तर एवढं उकळायला मोठं पातेलं हवं, आणि ते माझ्या गॅरेजमध्ये होतं. मुलीने भाबडेपणाने मागितलं. मी नाही म्हटलं. महाप्रसादाचं पातेलं, त्यात मांस शिजलं असं कळलं तर मंडळात काय होईल ते मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनाला ते पटलं नसतं. सांगताना जीभ जड झाली. ती शांतपणे म्हणाली, "को, आमच्या घरीही पूर्वजांच्या ताटवाट्या वेगळ्या असतात." आणि दुसऱ्या दिवशी न्यूटाउनची बस पकडली.

आजींनी पातेलं दिलं, पण एका अटीवर. ते बरोबर घेऊन त्या स्वतः येणार, कारण आजकालच्या मुलींना पान बांधता येत नाही. आणि झेंड्याचं काय? मुलांनी आपसात ठरवलं की कोणताच झेंडा नाही. एका बाजूला गुलाबी कागदाची फुलं, दुसऱ्या बाजूला पिवळ्या. बस. यावर कोणी भाषण केलं नाही, म्हणून ते जमलं असावं.

१० फेब्रुवारी २०२१ची रात्र आमच्या अंगणात गेली. दोन पातेली, दोन गॅसच्या शेगड्या. आजींच्या पातेल्यात मांसाचे, मंडळाच्या पातेल्यात फक्त मुगाचे. वाऱ्याने शेगडी विझू नये म्हणून नवऱ्याने कुंपणाला पत्रे बांधले. वेलिंग्टनला एरवी "आज वारा नाही" हे वाक्य वर्तमानपत्रात छापण्याजोगं असतं. तिकडे यासाठी "ला जोंग" नावाची रुंद पानं वापरतात, ती इथे मिळत नाहीत. फ्रीझरमधली केळीची पानं आणली होती. ती वितळली की फाटतात. आजींनी युक्ती दाखवली, पान आधी आचेवरून फिरवून घ्यायचं. मी हसले. आमच्या कुडाळला मावशी पानगीसाठी नेमकं हेच करायची. मी म्हटलं तसं तर आजींनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि एक पान माझ्या हातात दिलं. माझं पहिलं गाठोडं बघून त्यांनी ते सोडून पुन्हा बांधलं. दुसरं ठेवलं.

रात्रभर कोणी ना कोणी पातेल्यात कढत पाणी घालायला जागं होतं. दोन वाजता आजी बोलायला लागल्या, मुलं ऐकत होती. मला मधूनमधून भाषांतर मिळत होतं. होडीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मांगेरेतल्या पहिल्या तेतबद्दल बोलल्या. चिकट तांदूळ नव्हता, पानं नव्हती, तेव्हा कोणीतरी साधा भात ॲल्युमिनियमच्या कागदात चौकोनी बांधून उकळला होता. कसा लागला? "वाईट. पण चौकोनी होता."

आता बाहुल्या.

हाय जुओंगच्या काही गावांत पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्पिढ्या चालतो. लाल नदीच्या खोऱ्यातली ही कला जुनी. ११२१ सालच्या एका शिलालेखात राजापुढे पाण्यावर झालेल्या अशा खेळाचं वर्णन आहे. गावच्या तळ्यात बांबूच्या चिकाचा पडदा लावायचा. पडद्यामागे कलाकार कमरेपर्यंत पाण्यात उभे. लांब काठीच्या टोकाला बाहुली, काठी पाण्याखाली लपलेली, दोऱ्याही पाण्याखाली. समोर बसलेल्याला दिसतं ते एवढंच की म्हैस पोहते आहे, बदकं पळताहेत, ड्रॅगन पाणी उडवतो आहे. सुरुवातीला "तेऊ" येतो; गुबगुबीत, उघडाबंब, हसरा, गावातल्या बड्यांची टिंगल करणारा. आमच्या दशावतारात संकासुराला जो मान, तो तेऊला. आणि बाहुल्या कसल्या लाकडाच्या? उंबराच्या. हलकं असतं, पाण्यावर तरंगतं. हे ऐकून मी हातातलं काम सोडून बसलेच. आमच्याकडे ज्या झाडाखाली दत्ताच्या पादुका, त्याच झाडाची तिकडे बाहुली.

आमच्या मुलीचे आजोबा असल्याच एका खेळमंडळीत. पण तिला त्यातलं काही येत नव्हतं. काठी कशी वळते, दोरी कुठे अडकते, हे गावाचं गुपित. मुलींना शिकवत नसत, कारण मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावात जाणार आणि गुपित बरोबर नेणार. तिच्या आईने बाहुल्या रंगवल्या, पण पडद्यामागे पाऊल टाकलं नाही. मामा कारखान्यात कामाला, त्यांना वेळ नाही. २०२०मध्ये साथीमुळे खेळ बंद पडले आणि आजोबा घरी बसून राहिले. तेव्हा तिने फोनवर विचारलं. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "सांगतो. न्यूझीलंडमध्ये कोणतं गाव चोरणार आहे?"

मग रोज रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या दुपारी, शिकवणी. आजोबा फोनसमोर काठी धरून बसायचे, मध्येच फोन पडायचा आणि अर्धा तास आम्हाला त्यांचं छत दिसायचं. उंबराचं लाकूड इथे कुठून आणणार? मागवलं असतं तर विमानतळावरच्या जैवसुरक्षेच्या माणसांनी आधी त्यालाच क्वारंटाइनमध्ये टाकलं असतं. पण वेलिंग्टनला लाकडाची उणीव नाही. दक्षिणेचं वादळ येऊन गेलं की पेटोनीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्या-फांद्यांचा खच पडतो, नदीतून आलेल्या, समुद्राने घासून, उन्हाने वाळवून हलक्या केलेल्या. दर रविवारी ती आणि माझा मुलगा पिशव्या घेऊन जायला लागले. लाकडात मीठ मुरलेलं असतं, त्यावर रंग धरत नाही. म्हणून आठवडाभर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, मग गॅरेजमध्ये वाळवायचं. मंडळाच्या कमानींवर आता ओल्या फांद्या वाळत होत्या.

त्याच दिवसांत, जानेवारीच्या शेवटी, पद्मश्रींची यादी आली. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आयुष्यभर जपणारा माणूस, ज्यांनी गुरांच्या गोठ्यात बाहुल्यांचं संग्रहालय केलं. मी लहानपणी पिंगुळीला राऊळ महाराजांच्या मठात कितीदा गेले असेन. बाहुल्या पाहायला एकदाही गेले नाही. मुलीला मी फोनवर त्यांचा फोटो दाखवला, अभिमानाने. तिने विचारलं, "को, त्या दोऱ्या कशा बांधतात?" मला सांगता आलं नाही.

२८ जानेवारीला हाय जुओंगमधलं चि लिन्ह शहर बंद झालं, रुग्ण सापडले म्हणून. तिचं गाव तिथून लांब, तरी आजोबांच्या घरी पाहुणे येणं थांबलं. तेतला घरी जाणं तर तिला एरवीही शक्य नव्हतंच. गेली असती तर परत येता आलं नसतं.

खेळ १३ फेब्रुवारीला, शनिवारी संध्याकाळी ठेवला. एका सभागृहाने लाकडी जमिनीवर पाणी चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. म्हणून आमच्या गॅरेजसमोरच्या उतारावर. मुलांच्या डुंबायच्या प्लॅस्टिकच्या तलावाखाली फळ्या घालून तो सपाट केला. तळ्यातलं पाणी गढूळ असतं म्हणून काठी दिसत नाही. नळाचं पाणी स्वच्छ, सगळं उघडं पडायला लागलं. माझ्या मुलाने हळद सुचवली. शेवटी तळाला काळं प्लॅस्टिक घातलं आणि हिरवा खाण्याचा रंग मिसळला. पडदा? आपल्या मखराचे सहा बांबू आणि तीन लाल पडदे. मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून विचारलं होतं. त्यांनी एक क्षण थांबून विचारलं, "पाणी लागेल का?" मी म्हटलं, लागेल. ते म्हणाले, "लागू दे. नाहीतरी वाळवीच लागायची."

साठेक माणसं आली. विद्यार्थी, न्यूटाउनचे व्हिएतनामी, शेजारचे, आपल्यातली सात-आठ कुटुंबं. एका मुलाने "दान बाउ" वाजवलं. एकच तार, पण ती रडते आणि गातेही. फोन एका स्टूलवर उभा केला होता. त्यात आजोबा, सदरा घालून, बाहेर तिकडे दुपारचा एक. तेऊ आला, घरभाड्यावर आणि क्वारंटाइनच्या हॉटेलांवर दोन भाषांत विनोद करून गेला. मग म्हैस, कारण ते म्हशीचं वर्ष होतं. मग कोल्हा आणि बदकं. बदकांच्या काठीवर माझा मुलगा, जो आमच्या गणेशोत्सवात "मला स्टेजवर नका चढवू" म्हणून गाडीत बसून राहतो. कोल्ह्याची शेपटी सुटून तरंगायला लागली. एका झोताने मधला पडदा उडाला आणि मागचे सहा जण गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत उभे दिसले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. आजी डोळ्यांना रुमाल लावून बसल्या होत्या, हसून की कशाने, मी विचारलं नाही.

संपल्यावर सगळे फोनभोवती जमले. आजोबा बराच वेळ बोलले. मुलगी मान डोलवत होती. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "म्हशीची काठी पाण्याबाहेर चार बोटं दिसत होती म्हणाले. बदकं बरी होती. बदकांवर कोण होतं, विचारलं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, पंतप्रधान टीव्हीवर आल्या. मध्यरात्रीपासून ऑकलंड लेव्हल थ्री, आम्ही लेव्हल टू. आठवडाभर उशीर केला असता तर कोणाची यायची हिंमत झाली असती कोण जाणे. मंगळवारपासून अख्खा हाय जुओंग प्रांत बंद झाला.

मग एप्रिल-मे आला आणि वेळ आपल्यावर आली. ते दिवस कोणाला आठवून द्यायला नकोत. ११ एप्रिलपासून भारतातून येणाऱ्यांना सरकारने दारच बंद केलं होतं. मे महिन्यात कुडाळला माझी मावशी गेली. त्या संध्याकाळी क्लबच्या तीन मुली वाफवलेल्या चिकट भाताचं पान आणि उदबत्त्या घेऊन आल्या. फार बोलल्या नाहीत. मावशीचा फोटो कुठे आहे, विचारलं, आणि समोर बसल्या. त्यांच्याकडेही मृत्यूचा दिवस तिथीने पाळतात, त्या दिवशी त्या माणसाच्या आवडीचं जेवण करतात. एकीने विचारलं, मावशींना काय आवडायचं? पातोळ्या, मी म्हटलं. हळदीच्या पानातल्या. कशा करतात? आणि मी सांगायला लागले तेव्हा लक्षात आलं, पीठ किती आणि पाणी किती हे मला माहीत नाही. मावशी "अंदाजाने" म्हणायची. विचारायचं राहून गेलं होतं.

त्या वर्षीचे गणपती १० सप्टेंबरला, लेव्हल टूवर, पन्नास माणसांच्या मर्यादेत. या वेळी कोणी झूमचं नाव काढलं नाही. पाळ्या लावून आरत्या केल्या. मखराच्या पडद्यावर हिरव्या रंगाचा एक डाग आहे, डावीकडच्या कोपऱ्यात. ज्यांना तो कसला म्हणून प्रश्न पडला होता, त्यांना आता कळलं.

मुलगी मार्च २०२२मध्ये, व्हिएतनामने विमानं सुरू केल्यावर घरी गेली. जाताना तिने क्लबची वही मला दाखवली. दीडशे पानी, चौकटीची. प्रत्येक कार्यक्रमाची दोन पानं: किती तांदूळ, किती पानं फाटली, कोणत्या दुकानात स्वस्त, कोणाला आधी फोन करायचा. न्यूटाउनच्या आजींच्या नावापुढे "झेंड्याबद्दल आधीच सांगणे". बाहुल्यांची चौदा पानं, चित्रांसकट. काठी, दोरी, खिळा, सगळं. आजोबांनी गावाबाहेर जाऊ न दिलेलं गुपित वेलिंग्टनच्या एका वहीत कोणालाही वाचता येईल असं लिहिलेलं. मी विचारलं, आजोबांना माहीत आहे? म्हणाली, "हो. त्यांनी दोन चित्रं दुरुस्त करून पाठवली."

सीमा ३१ जुलै २०२२च्या मध्यरात्री पूर्ण उघडली. नवी मुलं आली. त्यातलं कोणीही आमच्या मुलीला कधी भेटलेलं नाही. पुढच्या जानेवारीत फोन वाजला. पलीकडे एक अनोळखी मुलगा, अडखळत इंग्रजीत: "तुम्ही लाल पडद्यांच्या को का? वहीत तुमचा नंबर आहे." माझा मुलगा तेव्हा विद्यापीठात जायच्या तयारीत होता. बदकांची काठी कशी धरायची ते आता त्याने त्यांना शिकवलं.

आपल्या मंडळाकडे अशी वही नाही. आपल्याकडे माणसं आहेत, आणि माणसं आहेत तोवर वही लागत नाही असं आपल्याला वाटतं. यंदा मी एक आणली आहे, तशीच चौकटीची. या दिवाळीच्या कार्यक्रमाला ती दारातल्या टेबलावर असेल. चकलीच्या भाजणीचं प्रमाण, ढोल कुठे मिळतो, विसर्जनाचा टब कोणाकडे आहे, ज्याला जे माहीत असेल त्याने ते लिहावं. "अंदाजाने" हा शब्द चालणार नाही. पहिलं पान माझ्या मुलाने लिहिलं आहे, मोडक्यातोडक्या मराठीत, पण स्वच्छ अक्षरात: "मखर. बांबू सहा, त्यातला एक तडकलेला आहे, तो मागे लावावा. गाडी आदल्या रात्री रस्त्यावरून हलवावी."